शिक्क्याचा चौरंग

"चौरंग मी करतो," असं हिलालभाऊ पाटील भर भाऊबंदांत बोलून गेले, तेव्हा त्यांच्या तोंडात सांजोरी होती. ती अर्धवट गिळून ते हे वाक्य बोलले आणि बोलल्यावर उरलेली सांजोरी काही खाली उतरेना. कुंदाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं ते लग्नाला तेवीस वर्षं झालेल्या बाईच्याच चेहऱ्यावर दिसू शकतं.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस होता. शिंदखेड्याजवळच्या गावी शेवंताकाकूंच्या ओसरीवर सगळे पाटील जमले होते. त्या वर्षी श्रावणातली कानबाई देवी धुळ्याला हिलालभाऊंच्या घरी बसवायची, असं काकूंनी ठरवलं होतं. काकू ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी ठरवलं की ठरलं. अडचण एवढीच की देवीच्या जुन्या चौरंगाला वाळवी लागली होती आणि त्याचा वरचा पाट कुंदाबाईंनी पुसायला घेतला तो फडक्याबरोबरच निघून आला होता. चुलतभाऊ भिकन म्हणाला, दोंडाईच्याच्या बाजारातून नवा आणू. तिथेच हिलालभाऊंनी सांजोरीतून तोंड उघडलं.

ओसरी हसली. हिलालभाऊ पाटबंधारे खात्यात आवक-जावक लिपिक होते. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या कागदावर शिक्का मारायचा, आणि आलेला कागद तसाच जात असेल तर दोन शिक्के मारायचे, हे त्यांचं बावीस वर्षांचं हस्तकौशल्य. भिंतीला कॅलेंडर टांगायचं तर खिळा कुंदाबाई ठोकत आणि हिलालभाऊ स्टूल धरत, ही गोष्ट भिकनने गावभर सांगितली होती. दुःख हे की ती खरी होती.

एकट्या काकू हसल्या नाहीत. "कर," त्या म्हणाल्या. "पन खिळा नको. देवीना चौरंगले लोखंड चालत नही. मी येसू बसाडाले."

देवीच्या चौरंगाला लोखंड चालत नाही हा नियम त्या दिवसापर्यंत कुणी ऐकला नव्हता. पण काकूंना विचारायचं कुणी?

हिलालभाऊंचं बोलणं अगदीच हवेतलं होतं असं मात्र नाही. दोन महिन्यांपूर्वी धरणगावला कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या भंगाराचा लिलाव झाला, तिथे ते टेबलफॅन घ्यायला गेले आणि तीन रंधे घेऊन आले. इंग्रजांच्या वेळचे, जिनिंगच्या सुतारखात्यातले. एक हातभर लांब, एक वीतभर, आणि एक अरुंद, लाकडात खाच पाडायचा. पात्यांवर गंज इतका की खाली कुठल्या तरी विलायती कारखान्याचं नाव आहे हे बोटानेच कळत होतं. पण लांब रंध्याच्या मुठीवर कुणा अनोळखी सुताराच्या तळव्याने खळगा पाडलेला होता. हिलालभाऊंनी सहज तिथे हात ठेवला आणि तो बरोबर बसला. बावीस वर्षांत ऑफिसातली एकही खुर्ची त्यांना अशी बसली नव्हती. त्यांना भरून आलं. टेबलफॅनचं त्यांना घरी आल्यावर, कुंदाबाईंनी विचारल्यावर आठवलं.

आता रंधे दुरुस्त करायचे. देवपुरातल्या त्यांच्या गल्लीत याआधी कुणी रंधा दुरुस्त केलेला नव्हता, त्यामुळे सल्ला सगळ्यांकडे होता. एकाने रॉकेल सांगितलं, एकाने विटेची भुकटी. शेजारच्या लताबाईंनी आंबट ताक सांगितलं आणि ताक कमी पडेल म्हणून स्वतःच्या घरून आणूनही दिलं. पाती ताकात तीन दिवस राहिली. गंज तसाच राहिला, पण गल्लीतली सगळी मांजरं हिलालभाऊंना ओळखू लागली.

शेवटी ते तोताराम मिस्त्रींकडे गेले. मिस्त्री पंचाहत्तरीचे, गल्लीच्या टोकाला राहायचे. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी हत्याराला हात लावणं सोडलं होतं. तोंड मात्र शाबूत होतं. त्यांनी रंधे उलटेपालटे करून बघितले, हुंगले आणि म्हणाले, "लोखंडले चिंच, लाकूडले जवसनं तेल आनि तुले धीर. पहिला दोन बाजारमा भेटतीन."

हिलालभाऊंनी पावशेर चिंच कोळून पाती त्यात घातली आणि पातेलं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर पाती स्वच्छ धुऊन पुसून खिडकीत ठेवलेली. गंज गेला होता. कुंदाबाईंनी काळजीने धुतली म्हणून त्यांना बरं वाटलं. जेवताना आमटी जरा काळपट होती, पण चव झकास होती. दोनदा वाढून घेतल्यावर त्यांनी विचारलं, एवढी चिंच घरात होती का. कुंदाबाई म्हणाल्या, कोपऱ्यात कोळून ठेवलेली होतीच की. हिलालभाऊंनी वाटी खाली ठेवली. डॉक्टरांनी त्यांना मागे एकदा अंगात लोह कमी आहे असं सांगितलं होतं, त्या आधारावर त्यांनी मनाची समजूत घातली.

मग धार लावायची. रंध्याचं पातं सहाणेवर असं घासायचं की कोन हलता कामा नये. हिलालभाऊंचा कोन पहिले पंधरा दिवस रोज हलला. मग रंध्याचा तळ सपाट करायचा. त्यासाठी घराच्या दगडी पायरीवर पॉलिश पेपर पसरून त्यावर रंधा मागेपुढे घासायचा. रोज सकाळी साडेपाच ते सात हा कार्यक्रम चाले. आठव्या दिवशी लताबाईंचे यजमान पायजम्यावरच बाहेर आले आणि पायरीकडे बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून तो कार्यक्रम संध्याकाळी होऊ लागला.

आषाढ सरता सरता रंधे तयार झाले. तेल पिऊन लाकूड तांबूस झालं, पात्यात तोंड दिसू लागलं. राहिलं होतं लाकूड.

साग पिंपळनेरच्या वखारीत चांगला मिळतो असं मिस्त्री म्हणाले, म्हणून हिलालभाऊ रजा टाकून पिंपळनेरला गेले. एक जाड फळी आणि एक ठोकळा घेतला. सागाचं लाकूड असं घेतलं आणि खांद्यावर टाकून निघालं, असं चालत नाही. त्याला वाहतुकीचा पास लागतो आणि लाकडावर वनखात्याच्या हातोड्याचा ठोकलेला शिक्का लागतो. हिलालभाऊंच्या फळीवर तो ठसठशीत होता. एसटीच्या टपावरून लाकूड आलं, वाटेत नाक्यावर शिपायाने पास बघितला, शिक्का बघितला आणि जाऊ दिलं. शिक्क्याला एवढा मान मिळताना बघून हिलालभाऊंना आपल्या धंद्याचा अभिमान वाटला.

घरी येऊन त्यांनी पास वाचला. पुढून सगळेच वाचतात, त्यांनी मागूनही वाचला. मागे बारीक टायपात सातवी अट होती: माल पोचल्यावर नजीकच्या वन कार्यालयास लेखी कळवावे. पास छापायला लागल्यापासून ही अट कुणी पाळली असेल असं वाटत नाही. हिलालभाऊंनी त्याच दिवशी अर्ज लिहिला, दोन प्रती केल्या, एकीवर पोच घेतली आणि एक चांगलं काम केल्याच्या समाधानात घरी येऊन रंधा हातात घेतला.

इथून पुढे जे झालं त्यात त्यांचा हेतू वाईट नव्हता.

मिस्त्री येऊन ओट्यावर खाटेवर बसले होते. "आवाज ऐक," ते म्हणाले. "सर्र वाजना म्हनजे सुलटा. खर्र वाजना म्हनजे उलटा, थांबी जाय." पहिले दहा हात खर्र वाजले. हिलालभाऊंनी फळी फिरवली, पातं केसभर मागे घेतलं, मुठीच्या खळग्यात तळवा बसवला आणि रंधा ढकलला. सर्र. पातळ, लांब, अखंड साल वळत वळत वर आली. गल्लीतले येणारे-जाणारे थांबले. लताबाई ताट हातात घेऊन आल्या. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "आते थांबू नको."

हिलालभाऊ थांबले नाहीत. पाऊण तास ते रंधा चालवत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या तरी कामात त्यांना घड्याळाची आठवण झाली नाही. फळी आरशासारखी झाली. तिच्यावर हात फिरवला तर हात घसरत होता. मधोमध जिथे काही तरी ठोकल्याचा खड्डा होता, तिथला खड्डाही त्यांनी मोठ्या चिकाटीने नाहीसा केला. मिस्त्री म्हणाले, ब्येस. पुढच्या आठवडाभरात फळीचा पाट, ठोकळ्याचे चार पाय आणि चार आडव्या पट्ट्या असे नऊ तुकडे झाले.

सालींचा ढीग कुंदाबाईंनी न्हाणीतल्या बंबात घातला. त्या लाकडाने पाणी फार छान तापलं. हिलालभाऊंनी त्या दिवशी पाच बादल्या पाण्याने आंघोळ केली.

कानबाईच्या आधीच्या गुरुवारी दारात वनरक्षक उभा राहिला. सायकल, खाकी कपडे, हातात हिलालभाऊंचाच अर्ज. नाव वेस्ता पावरा. सातपुड्यातला, शांत, कामाला चोख माणूस. "अर्ज आला म्हणून यावं लागलं, साहेब," तो म्हणाला. "आमच्याकडे असा अर्ज पहिलाच. कुणाला काय करायचं माहीत नव्हतं. मोठ्या साहेबांनी सांगितलं, जाऊन शिक्का बघून ये."

"बघा की," हिलालभाऊ उत्साहाने म्हणाले आणि पाट पुढे केला. वेस्ताने एक बाजू बघितली, दुसरी बघितली, कडा बघितल्या. मग पुन्हा पहिली बाजू बघितली.

"शिक्का कुठंय?"

हिलालभाऊंना तो खड्डा आठवला. आपण तो कसा, किती मन लावून काढला, तेही आठवलं. ज्या माणसाने बावीस वर्षं शिक्क्याशिवाय एकही कागद हलू दिला नाही, त्यानेच शिक्का रंध्याने साफ केला होता. ते जोत्यावर बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बंबात."

वेस्ता वाईट माणूस नव्हता. त्याने न्हाणीत जाऊन बंबातली राखसुद्धा बघितली. मग त्याने पास उघडला. पासात दोन नग होते, इथे नऊ होते. पासात फळी दोन इंच जाड होती, इथे सव्वाही भरेना. "हा चौरंग तयार असता तर मी म्हणालो असतो फर्निचर," तो विचार करत म्हणाला. "अख्खी फळी असती तर लाकूड म्हणालो असतो. हे मधलंच आहे. मधल्याला आमच्याकडे रकाना नाही." शेवटी त्याने पंचनामा केला. पंच म्हणून लताबाईंच्या यजमानांनी सही केली. इतक्या तत्परतेने त्यांना कधी कुणी सही करताना बघितलं नव्हतं. नऊ तुकडे जप्त झाले आणि हिलालभाऊंच्याच घरात हिलालभाऊंच्याच ताब्यात ठेवण्यात आले. पुढचा हुकूम होईपर्यंत त्यांना कुठलंही हत्यार लावायचं नाही, असं लिहून घेतलं गेलं.

रविवारी देवी यायची होती. गुरुवारी संध्याकाळी हिलालभाऊ स्वतःचंच लाकूड राखत बसले होते. भिकनचा शेजारच्या दुकानात फोन येऊन गेला: चौरंग झाला का, का आणू दोंडाईच्याहून? हिलालभाऊंनी निरोप दिला, होत आला. एवढं खोटं त्यांनी सरकारी कागदावरही कधी लिहिलं नव्हतं. कुंदाबाई म्हणाल्या, "अहो, पाटावर बसवू देवीला. काकूंना मी सांगते." त्या मनापासून म्हणाल्या, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. हिलालभाऊंना त्या ओसरीवरचं हसू पुन्हा ऐकायचं नव्हतं. निदान काकूंच्या समोर तरी नाही.

शुक्रवारी ते वन कार्यालयात गेले. साहेब दौऱ्यावर होते. शनिवारी पुन्हा गेले, सकाळी दार उघडायच्या आधीच. त्यांनी वखारीची पावती, पास, नाक्याच्या नोंदीचा क्रमांक आणि अर्जाची पोच असा तारखेप्रमाणे लावलेला, पृष्ठांक घातलेला गठ्ठा टेबलावर ठेवला. साहेबांनी तो चाळला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी शंका होती, मग आश्चर्य, आणि शेवटी आदर. इतका सुबक गठ्ठा त्या टेबलावर कधी आला नव्हता. "माल खरा आहे," ते म्हणाले. "शिक्का नव्याने मारून देऊ. पण लाकडावर मारला तर तुम्ही पुन्हा रंधा माराल. तुमचा भरवसा नाही. आधी चौरंग पुरा करा, मग त्यावर मारू."

मिस्त्री ओट्यावर आणि हिलालभाऊ जमिनीवर, असं शनिवारचं सगळं काम झालं. अरुंद रंध्याने पाटाला खाच पाडली. पट्ट्यांच्या टोकांना कूस काढली, म्हणजे लाकडाचीच जीभ. पायांना तेवढीच भोकं पाडली आणि जीभ भोकात ठोकून बसवली. सात कुसा पहिल्या फटक्याला घट्ट बसल्या. आठवी जरा सैल होती. मिस्त्रींनी तिच्यात सागाची चिपटी, म्हणजे पातळ पाचर, मारायला सांगितली आणि म्हणाले, "धक्का नका लावजा, टिकी जाई." दिवेलागणीला चौरंग उभा राहिला. एकही खिळा नाही. हिलालभाऊ त्याच्याभोवती दोनदा फिरले. कुंदाबाईंनी त्यावर हात ठेवून दाबून बघितलं आणि पदराने तो पुसला. हिलालभाऊंना तेवढं पुरे होतं.

रविवारी सकाळी आठला वेस्ता सायकलवर हातोडा बांधून आला. हातोडा चांगला तीन किलोचा.

"खालून मारा," हिलालभाऊ म्हणाले. "पोटाशी."

"शिक्का दिसायला पाहिजे, साहेब. नियम आहे."

"मग हळू मारा."

"हळू मारला तर उमटत नाही," वेस्ता म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. त्याने चप्पल काढली, चौरंगाला नमस्कार केला आणि समोरच्या पट्टीवर मधोमध हातोडा घातला. शिक्का स्वच्छ उमटला. त्याच वेळी आठव्या सांध्यातली चिपटी उडाली आणि लताबाईंच्या अंगणात पडली. सही झाली, पोच झाली, चहा झाला. वेस्ता जाऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच गल्लीत ट्रॅक्टर थांबला आणि सगळे पाटील उतरले.

हिलालभाऊंनी घाईघाईने शिक्क्याची बाजू भिंतीकडे केली. तसा ठेवल्यावर चौरंग लंगडत होता. शिक्का पुढे केल्यावर जवळजवळ लंगडत नव्हता. विचार करायला वेळ नव्हता. त्यांनी शिक्का पुढे ठेवला.

भिकन आत आला, खाली वाकला आणि त्याच्या तोंडावर समाधान पसरलं. "ऐ, देखा रे! शिक्का मारेल शे. सरकारी कारखानाना माल! कितलाले पडना, हिलालभाऊ?"

"मी केला," हिलालभाऊ म्हणाले.

"मंग शिक्का बी तूच मारा का?"

हिलालभाऊंनी सांगायला सुरुवात केली. पास, सातवी अट, बंब, पंचनामा, बंबातली राख. जसजसे ते खरं सांगत गेले तसतसं ते खोटं वाटायला लागलं. पंचनाम्यापाशी बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. एक वहिनी म्हणाल्या, भाऊंनी विकत आणला तर आणला, त्यात लाजायचं काय. लाकूड खरं आहे याचा पुरावा म्हणून जो शिक्का मिळवायला तीन दिवस गेले, तोच आता हिलालभाऊंनी चौरंग केला नाही याचा पुरावा झाला होता. त्यांना वाटलं, हातात रंधा घेऊन सगळ्यांसमोर एक साल काढून दाखवावी. पण याला पुन्हा हत्यार लावणार नाही, असं त्यांनी सकाळीच लिहून दिलं होतं.

शेवंताकाकू आत आल्या, हातपाय धुतले आणि चौरंगासमोर बसल्या. त्यांना शिक्का दिसला की नाही कुणास ठाऊक. डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांनी तांदळाची रास घातली आणि वर कलश ठेवला. चौरंग डुगडुगला. कलशातलं पाणी काठावरून सांडलं. हिलालभाऊंना जमीन दुभंगावी असं वाटलं.

काकूंनी पाण्यातच तळवा टेकला. मग चौरंगाखाली हात घालून एकेक पाय चाचपला, एकेक सांधा बोटाने तपासला. आठव्या सांध्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

"भिकन," त्या म्हणाल्या, "इकत लेयेल चौरंग कधी डुगडुगस का रे? असा चौरंग दुकानदारनी दुकानमा ठेवाच नसता. हाऊ आपला हिलालनाच हातना शे."

आणि गंमत अशी की हे सगळ्यांना ताबडतोब पटलं. भिकनसुद्धा मान हलवून म्हणाला, हां, हे खरं. एकेक जण पुढे येऊन चौरंग डुगडुगवून खात्री करून घेऊ लागला. शिक्क्याकडे आता कुणी बघेना. हिलालभाऊंना आपला अपमान झाला की मान, ते नीट कळेना. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी उदबत्तीचा धूर फार होतोय असं सांगितलं. कुंदाबाईंनी अजून उदबत्ती लावलेली नव्हती.

काकूंनी ताटातली एक सुपारी उचलली, अंदाजाने पायाखाली सरकवली आणि चौरंग हलवून बघितला. तो हलला नाही. "बसाडा आते," त्या म्हणाल्या, आणि देवी बसली.